धन्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, हातांची, अक्रोडाच्या लाकडाची खुर्ची आहे. वय विचाराल तर शंभरी केव्हाच उलटली. पण माझे पाय अजून ठणठणीत आहेत, आणि आमच्या घरात असं म्हणू शकणारी मी एकटीच आहे. लोक मला आता 'पुराणवस्तू' म्हणतात, 'खेडवळ घडणीचा अस्सल नमुना' म्हणतात. म्हणोत बापडे. मी सांगते ते ऐका.

फ्रान्सच्या दक्षिणेला, ड्रोम नदीच्या काठी, ला कोंब नावाचं गाव आहे. तिथे बार्थेलेमी नावाचा सुतार राहायचा. तोंडाने फटकळ, पण हात मऊ. एका वर्षी वादळात चर्चमागचं अक्रोडाचं झाड आडवं झालं. गावकरी जळणासाठी कुऱ्हाडी घेऊन धावले. बार्थेलेमी त्या खोडावर जाऊन बसला आणि म्हणाला, "आधी मला फोडा, मग ह्याला." बसला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. शेवटी फांद्या लोकांनी नेल्या आणि खोड त्याला मिळालं. माझा जन्म असा हट्टातून झाला आहे, त्यामुळे मीही थोडी हट्टी आहे.

माझ्या पायांसाठी त्याने जरा ओलसर लाकूड घेतलं आणि पायाने फिरवायच्या लेथवर ते गोल कातलं. आडव्या दांड्या मात्र महिनाभर चुलीमागे ठेवून खडखडीत वाळवल्या. मग त्या पायांत ठोकून बसवल्या. पुढे पाय जसजसे वाळत गेले तसतसे ते दांड्यांभोवती आवळत गेले. खिळा नाही, सरस नाही. आज इतक्या वर्षांनीही मला धरून हलवून बघा, आवाज येणार नाही.

माझी बैठक लव्हाळ्याची. बार्थेलेमीची बायको नदीकाठी जाऊन लव्हाळा कापायची, सावलीत वाळवायची आणि भिजवून पीळ देत देत विणायची. विणताना ती जमिनीवर फतकल मारून बसायची. जी बाई मला बैठक देत होती, तिच्या बुडाखाली साधं पोतंही नव्हतं. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. कोरी करकरीत होते, स्वतःच्याच रूपावर खूश होते.

मला बनवून घेतलं ते डोंगराच्या उतारावरच्या एका शेतकऱ्याने. अक्रोडाची बाग, पंचवीस शेळ्या, थोडी लॅव्हेंडरची शेती. गाढवाच्या गाडीतून मी त्या घरी गेले आणि चुलीच्या उजव्या अंगाला माझी जागा ठरली. त्या दिवसापासून माझं नाव पडलं धन्याची खुर्ची.

त्या घरचा कायदा सोपा होता. माझ्यात बसायचं ते घरधन्याने. तो गेला की त्याच्या थोरल्या मुलाने. बाकीचे पुरुष बाकावर. मुलं मिळेल तिथे. आणि बायका? बायका उभ्या. पुरुष जेवायला बसले की त्या वाढायच्या, आणि आपलं ताट चुलीच्या कडेला ठेवून उभ्याउभ्याच चार घास पोटात ढकलायच्या. "बाई बसली की सूप करपतं," असं माझा पहिला धनी म्हणायचा. स्वतः मात्र तो सूप करपेपर्यंत माझ्यात घोरायचा.

मी तीन धनी पाहिले. दुसरा धनी मोठ्या लढाईवर गेला आणि उजवा हात तिथेच ठेवून आला. म्हणून बघा, माझा डावा हात आरशासारखा गुळगुळीत आहे आणि उजवा अजून थोडा खरखरीत. तिसरा धनी त्याचा मुलगा, एलोई. उंच, शांत, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. आणि एलोईशी लग्न करून ह्या घरात आली ती लेओन्तीन.

मित्रांनो, खरं तर मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची नाहीच. लेओन्तीनची सांगायची आहे.

ती आली तेव्हा वीस वर्षांची होती. पलीकडच्या खोऱ्यातली पोर, अंगाने एवढीशी, पण पायाला भिंगरी. पहाटे शेळ्यांचं दूध काढायची, चीज लावायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, सूप चढवायची, अक्रोड फोडायची, आणि हे सगळं उभ्याने. कॉफी प्यायची खिडकीशी उभी राहून. शेंगा सोलायची टेबलाला टेकून. फारच दमली तर चुलीजवळच्या मिठाच्या पेटीच्या कडेला क्षणभर टेकायची, आणि कुणी बोलावण्याआधीच उठायची.

दर शनिवारी ती मला मेण लावायची. मेणाची वडी आधी तळहातात धरून ऊब द्यायची, मग फडक्याने घासायची, आणि घासताना माझ्याशी बोलायची. "चल गं बाई, तोंड पूस. तुझं बरं आहे. नुसतं बसायचं."

मला हसू यायचं. अगं, मी बसत नाही, माझ्यात बसतात. मी तर तुझ्यासारखीच पायांवर उभी. तुझे दोन, माझे चार, एवढाच काय तो फरक.

आणि हळूहळू माझ्या मनाने एक गोष्ट घेतली. ह्या बाईने एकदा तरी माझ्यात बूड टेकावं. एकदाच. पण माझ्या मनात असून उपयोग काय? खुर्चीला बोलवता येत नाही. ती फक्त रिकामी राहू शकते.

वर्षं गेली. त्यांना सोलांज नावाची मुलगी झाली. मग एक काळ असा आला की सगळ्या गावाला चकचकीत सामानाचं वेड लागलं. एक विक्रेता गाडी घेऊन यायचा आणि जुनं लाकडी सामान घेऊन त्याबदली सनमायकासारखं पिवळंधमक टेबल द्यायचा. एलोईही भुलला. स्टीलच्या पायांचं पिवळं टेबल आणि त्याच्या जोडीला सहा पिवळ्या खुर्च्या घरात आल्या. मला त्या विक्रेत्याला द्यायला मात्र एलोईचं मन होईना. "आजोबांची आहे," म्हणाला, आणि मला गोठ्यात नेऊन ठेवलं. प्रेम होतं, पण घरात जागा नव्हती. असं प्रेम तुम्हीही पाहिलं असेल.

गोठ्यात एक तपकिरी कोंबडी मला वश झाली. सकाळी यायची, गोल फिरायची, पिसं फुलवायची आणि संध्याकाळपर्यंत ऐसपैस बसायची. रोज एक अंडं. त्या घरातल्या बायामाणसांत माझ्यात पहिली बसली ती ही कोंबडी. लेओन्तीन अंडं घ्यायला यायची तेव्हा तिच्याकडे बघून म्हणायची, "मजा आहे बाई एकेकीची."

मला वाटलं होतं, आता स्वयंपाकघरात सहा खुर्च्या आहेत आणि माणसं तीन, म्हणजे लेओन्तीन बसत असेल. एकदा गोठ्याचं दार उघडं होतं. तिथून मला सरळ आत दिसलं. एलोई बसला होता, सोलांज बसली होती, चार पिवळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि लेओन्तीन ताट हातात घेऊन चुलीपाशी उभी होती. तेव्हा मला कळलं, दुखणं खुर्च्यांच्या संख्येचं नव्हतं.

दोन हिवाळ्यांत त्या स्टीलच्या खुर्चीने एलोईची कंबर धरली. एके दिवशी तो कण्हत गोठ्यात आला, कोंबडीला म्हणाला, "उठ गं, माझी जागा आहे ती," आणि मला उचलून पुन्हा चुलीजवळ घेऊन गेला. कोंबडी चार दिवस रुसली. मला घासूनपुसून घेतलं, पण बैठक पार चाळण झाली होती. मग फिरती विणकरीण आली.

ही बाई दर उन्हाळ्यात लव्हाळ्याचे भारे घेऊन गावोगाव हिंडायची आणि दारातल्या सावलीत बसून खुर्च्या विणून द्यायची. तिचा एक शिरस्ता होता. नव्या बैठकीवर घरातलं कुणीतरी बसल्याशिवाय ती कामाचे पैसे घ्यायची नाही. माझी बैठक विणून झाली तेव्हा एलोई बागेत होता. घरात लेओन्तीन एकटी.

"बस," विणकरीण म्हणाली.

"मी? नाही बाई. चुलीवर सूप आहे."

"सूप कुठे पळून जात नाही. बस घटकाभर, मग मी निघते."

"धनी येईल संध्याकाळी, तो बसेल."

"संध्याकाळी मी पुढच्या गावात असेन. कुणीतरी बसायला हवं."

लेओन्तीन आत गेली. मी श्वास रोखून, म्हणजे लाकूड जितका रोखू शकतं तितका रोखून, वाट बघत राहिले. ती बाहेर आली ती परसातला सगळ्यात मोठा लाल भोपळा पोटाशी धरून. तो तिने अलगद माझ्यात ठेवला.

"घे, बसलं कुणीतरी."

विणकरीण हसता हसता आडवी झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, भोपळासुद्धा बसला. तुला काय झालंय?" लेओन्तीनही हसली. मी मात्र हसले नाही. आधी कोंबडी, आता भोपळा. माझा अपमान झाला म्हणून नव्हे. तिचा झाला, आणि तिला तो कळलासुद्धा नाही, म्हणून मला वाईट वाटलं.

सोलांज मोठी झाली आणि वालांस शहरात पोस्टात कामाला लागली. एलोई म्हातारा झाला. शेवटच्या वर्षीच्या शरद ऋतूत तो दिवसभर माझ्यातच बसून असायचा, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. एकदा लेओन्तीन घोंगडी सारखी करायला वाकली तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"जरा बस की माझ्याजवळ."

"कुठे बसू?"

एलोईने इकडेतिकडे पाहिलं. जणू काही त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं की त्याच्या शेजारी कुणाला बसायला जागाच नाही. "ती पिवळी ओढ," तो म्हणाला. ती खुर्ची आणायला वळली, तेवढ्यात दूध उतू गेलं. ती धावली, मग शेळ्या ओरडल्या, मग शेजारीण आली, आणि ते बसणं राहूनच गेलं. फेब्रुवारीत एलोई गेला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मलाही बोलता येत नव्हतं.

मग मी रिकामी झाले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि उपयोग शून्य. लेओन्तीनने एलोईची टोपी माझ्या पाठीला अडकवली. रोज ती मला पुसायची, माझं तोंड चुलीकडे वळवायची, आणि मग माझ्यासमोर उभी राहून डोळ्यांना पदर, म्हणजे तिचा तो निळा एप्रन, लावायची. बसायची नाही. तिचे गुडघे तोवर सुजून भोपळे झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवसातून चार वेळा बसा, नाहीतर अंथरूण धरावं लागेल. तिने मान हलवली. घरी येऊन उभ्याने त्यांचं औषध घेतलं.

सोलांज दर रविवारी यायची आणि दर रविवारी तोच संवाद व्हायचा.

"आई, बस ना गं त्या खुर्चीत."

"बाबांची आहे ती."

"बाबा गेले, आई."

"गेले म्हणून काय झालं? जागा तर त्यांचीच ना?"

"मग पिवळ्या खुर्चीत बस."

"ती टोचते."

एका रविवारी सोलांजचा धीर सुटला. "तू रोज हिच्याकडे बघतेस आणि रोज रडतेस. तुझे पाय कामातून चाललेत आणि तू हिला मेण लावत बसलीस. बसलीस म्हणजे, उभी राहिलीस. ह्या जूनमध्ये बाजारात ठेवू या हिला. जाऊ दे एकदाची."

दर वर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी ला कोंबमध्ये माळे रिकामे करायचा बाजार भरतो. माळ्यावर, गोठ्यात, तळघरात साठलेलं सगळं चौकात मांडायचं आणि विकायचं. लांबलांबून जुन्या सामानाचे व्यापारी येतात. मला वाटलं लेओन्तीन नाही म्हणेल. तिने मेणाचं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "ने. जिच्यात कुणी बसत नाही, तिला मेण तरी किती लावायचं."

हे ऐकून माझे सगळे सांधे गार पडले. कारण शेजारच्या पॉलेतची खुर्ची मागच्या वर्षी त्याच बाजारातून लियॉनला गेली होती, आणि पॉलेत स्वतः ती बघून आली होती. दुकानाच्या काचेमागे ठेवलेली, खाली दिवा, आणि एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत बांधलेली लाल दोरी. कुणी बसू नये म्हणून. मित्रांनो, खुर्चीला ह्याहून मोठी शिक्षा नाही. आणि मी गेले की लेओन्तीनचं बसणंही गेलं. मग ती त्या रिकाम्या जागेपाशी उभी राहील, आणि एक दिवस कोसळेल. मला स्वतःपेक्षा तिची भीती जास्त वाटत होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी चिनारांखाली सगळं गाव जमलं. लेओन्तीनने आपलं सामान कसं झकास मांडलं होतं. तांब्याचे टोप घासून लखलखीत केलेले, चादरींच्या घड्या, कंदील, शेळ्यांच्या घंटा, आणि मधोमध मी. सोलांजने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "आई, बसायला काय आणलंस?"

"कशाला?"

"अख्खा दिवस काढायचाय इथे."

"मग?"

सोलांजने कपाळाला हात लावला. चौकात प्रत्येकाने सगळ्यात आधी काय आणलं असेल तर स्वतःसाठी एक घडीची खुर्ची. आमच्या बाईने घरातला चमचा न् चमचा आणला होता आणि तेवढंच विसरली होती. विसरली तरी कसं म्हणू? जे कधी लागलंच नाही ते आठवणार कसं?

अकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. लेओन्तीन ह्या पायावरून त्या पायावर होत राहिली. शेजारच्या मांडणीवर पॉलेत होती. गावच्या खाटकाची विधवा, अंगाने भरपूर, जिभेने त्याहून. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी खुर्चीत रुतून ती वारा घेत होती.

"लेओन्तीन, माझी खुर्ची तुला दिली असती गं," ती म्हणाली, "पण मला हिच्यातून उपसायला दोन माणसं लागतात, आणि दोघंही आत्ता दारू प्यायला गेलेत."

"मी ठीक आहे."

"ठीक आहेस म्हणे. पाय बघ तुझे, मोज्यांतून उतू चाललेत."

बारा वाजले. आता आमच्याकडे बारा म्हणजे बारा. आभाळ कोसळलं तरी जेवण चुकत नाही. गिऱ्हाइकं पांगली. सोलांज म्हणाली, "मी सगळ्यांना सॉसेज आणि बटाटे घेऊन येते. रांग मोठी आहे, वेळ लागेल," आणि निघून गेली. ती वळली न वळली तोच लेओन्तीनचा डावा गुडघा दगा देऊन गेला. ती माझा गुळगुळीत हात धरून कशीबशी सावरली.

"बस त्या खुर्चीत," पॉलेत म्हणाली. आता तिचा आवाज थट्टेचा नव्हता.

"ती धन्याची आहे."

"धनी वर टेकडीवर कबरीत आडवा झालाय. त्याला आता खुर्ची कशाला हवी?"

"आणि ती विकायची आहे. विकायची वस्तू वापरायची नसते."

पॉलेतला लेओन्तीन चांगली ठाऊक होती. ह्या बाईला बस म्हटलं की ती बसणार नाही, हे तिला माहीत होतं. मग तिने पंखा खाली ठेवला आणि लेओन्तीनकडेच बघत एकदम दुकानदारी सुरात सुरू केलं.

"या मादाम, या. लांबून आलात वाटतं? अस्सल अक्रोड आहे बरं का. एक खिळा सापडला तर खुर्ची फुकट."

"काय चाललंय तुझं?"

"गिऱ्हाइकाशी बोलतेय मी. मादाम, सकाळपासून वीस जणांनी बसून बघितली. बसून बघायला आम्ही काही घेत नाही. नुसतं बघून कुणी खुर्ची घेतं का?"

लेओन्तीनला हसू आलं. मग ती विचारात पडली. गिऱ्हाईक बसून बघतं, हे खरं होतं. त्यात कुणाचा मान मोडत नव्हता, कुणाची जागा बळकावली जात नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं. एप्रनला हात पुसले. टेकडीकडे एक नजर टाकली, आणि मग वळून, माझे दोन्ही हात धरून, हळूहळू खाली आली.

बसली.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. तीन धनी, एक कोंबडी, एक भोपळा, सकाळची गिऱ्हाइकं, एवढ्यांचं वजन मी पेललं. पण हे वजन वेगळंच होतं. अगदी हलकं. पक्षी बसावा तसं. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते, कारण माझी उंची त्या घरच्या ताडमाड पुरुषांसाठी बेतलेली. पॉलेतने काठीने एक पालथा टोप तिच्या पायांखाली सरकवला.

"कशी वाटली, मादाम?"

"उजवा हात खरखरीत आहे," लेओन्तीन म्हणाली. सवयीने तिने खोड काढली. मग तिने पाठ टेकली, आणि पुढचं काही बोलायचं विसरून गेली. कितीतरी वेळाने ती म्हणाली, "पॉलेत."

"काय गं?"

"पन्नास वर्षं मी ह्या माणसाबरोबर काढली. किती बरं वाटतं ते एकदासुद्धा सांगितलं नाही त्याने."

"सांगितलं असतं तर उठावं लागलं असतं."

दोघी हसायला लागल्या. लेओन्तीन इतकी हसली की माझ्या सगळ्या सांध्यांतून ते हसू फिरून आलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. थोडी रागावली होती ती, थोडी सुखावली होती, आणि दोन्ही एकदमच.

तेवढ्यात तो आला. लियॉनचा व्यापारी, गळ्यात रेशमी रुमाल. जेवणाच्या वेळी गिऱ्हाईक नसतं आणि माल नीट बघता येतो, हे ओळखून असलेला माणूस. तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला. वाकून माझे पाय पाहिले, दांड्या पाहिल्या, नखाने लाकूड टोकरलं. त्याचा चेहरा उजळला आणि त्याने तो लगेच झाकला. व्यापारी मोठा मुरलेला होता.

"मादाम, ही खुर्ची जरा पाहू का?"

"बघा ना."

"म्हणजे, आपण उठलात तर बैठक बघतो."

मी सांगते, त्या क्षणी माझं काळीज, अक्रोडाला जे काही काळीज असतं ते, थांबलं. लेओन्तीनचे दोन्ही हात माझ्या हातांवर आले. सत्तर वर्षांची सवय तिला वर ढकलत होती. कुणी पुरुष समोर उभा राहिला की ती उठायचीच. हात घट्ट झाले, कोपरं ताठ झाली. आणि मग हळूहळू ती पुन्हा सैल झाली.

"नाही," ती म्हणाली.

व्यापाऱ्याला वाटलं, भाव वाढवतेय. त्याने एक आकडा सांगितला. लेओन्तीनने पाठ आणखी नीट टेकली. त्याने दुसरा आकडा सांगितला. तिने पाय टोपावर सारखे केले. तिसरा आकडा ऐकून पॉलेतचा पंखा हातातच थांबला.

"मादाम, ह्याच्यापुढे तुम्हाला कुणी देणार नाही. अशी वस्तू लियॉनमध्ये काचेमागे शोभेल."

"मस्यू, तुम्ही उशिरा आलात," लेओन्तीन शांतपणे म्हणाली. "खुर्ची गेली."

"गेली? कुणी घेतली?"

"मी."

व्यापारी हसला, मग तिच्याकडे नीट पाहून हसायचा थांबला. रुमाल सारखा करून त्याने मान लववली आणि पुढच्या मांडणीकडे निघून गेला.

सोलांज दोन्ही हातांत कागदी ताटल्या घेऊन आली आणि वाटेतच थबकली. तिची आई बसली होती. भर चौकात, सगळ्या गावासमोर, धन्याच्या खुर्चीत. सोलांजच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. लेओन्तीनने तिला बघितलं आणि सवयीने म्हणाली, "थांब, मी घेते ते, तू बस, तुझं निवेल."

"बस आई," सोलांज म्हणाली. "उठायचं नाही." आणि तिने ताटली आईच्या मांडीवर ठेवली.

लेओन्तीन जेवली. सावकाश, एकेक घास चावून, बसून. सोलांज शेजारी उभी राहिली आणि तिला पाणी देत राहिली. येणाराजाणारा टोपीला हात लावून म्हणत होता, "चालू द्या, मादाम," आणि ती प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होती.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आज मी पुन्हा चुलीजवळ आहे. सोलांजने माझ्या शेजारी दुसरी एक खुर्ची आणून ठेवली आहे, म्हणजे दोघी एकमेकींजवळ बसू शकतात. लेओन्तीनचे गुडघे अजून दुखतात, पण अंथरूण धरायची वेळ आली नाही. लेओन्तीन दुपारी माझ्यात झोपते, संध्याकाळी माझ्यात भांडते, आणि माझी बैठक मधोमध खोलगट होऊन पार तिच्या मापाची झाली आहे. पुन्हा विणून घ्यायला झालीच आहे म्हणा. घेऊ.

मित्रांनो, जुन्या खुर्च्या जपा. त्यांना उन्हात टाकू नका, ओल्या फरशीवर ठेवू नका, वर्षातून दोनदा मेण लावा, आणि एखादा सांधा जरा सुटला तर सुताराला लगेच दाखवा. पण ह्याला जपणं म्हणत नाहीत, ही नुसती निगा झाली. खुर्ची जपायची म्हणजे तिच्यात माणूस बसवायचं. तेव्हा आज जेवायला बसाल ना, तर पहिला घास घेण्याआधी मान वर करा. तुमच्या घरात कोण उभं आहे ते बघा. आणि तुम्ही उठा.